दूरचा पल्ला : केडगाव, नगर, नाशिक

मंगळवार, पुणे ते केडगाव

सकाळी दौंडकडे जाणाऱ्या गाडीला फारशी गर्दी नसते. सगळे पुण्याकडे येत असतात, आपण उलट्या दिशेला निघालेलो असतो. खिडकीजवळ जागा मिळाली. हडपसर, लोणी, उरुळी मागे पडलं आणि यवतनंतर दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला.

मागच्या वर्षी ह्यांच्या किडन्या निकामी झाल्याचं कळलं आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस सुरू झालं. तेव्हापासून सकाळी डोळा उघडला की छातीत धस्स होतं. रात्री प्रार्थना करून झोपते, तेव्हा मन शांत असतं. सकाळी मात्र पाच वाजता भीती उशाशी येऊन बसलेली असते. चर्चमध्ये सगळे भेटतात, "धीर धरा" म्हणतात, मनापासून म्हणतात. पण धीर धरायचा म्हणजे नेमकं काय करायचं? हा प्रश्न मला कुणाला तरी विचारायचा होता. शेवटी दीरच म्हणाले, "वहिनी, आठवडाभर कुठेतरी जाऊन या. दादाचं मी बघतो." मी चुलत बहिणीला फोन केला. ताई मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकली, आयुष्यभर सिस्टर म्हणून राबली, आता निवृत्त आहे. ती म्हणाली, "केडगावला जाऊ. मग नगर, नाशिक. आपल्याच माणसांची गावं आहेत ती."

केडगाव स्टेशनवर उतरलं की गुळाचा वास येतो. हंगाम चालू होता. रिक्षावाल्याला "मुक्ती मिशन" एवढंच सांगावं लागलं. पंडिता रमाबाईंनी उभी केलेली ही संस्था.

पंडिता रमाबाईंचं नाव शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं, दोन ओळींत. ज्यांना संस्कृतच्या विद्वत्तेसाठी कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं, त्या रमाबाई. पण इथे आल्यावर दुसऱ्याच रमाबाई भेटतात. आई, वडील आणि मोठी बहीण दुष्काळात गमावलेली मुलगी. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा पटकीने गेला आणि पदरात तान्ही मनोरमा. डॉक्टर व्हायचं मनात धरून 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या, पण कमी ऐकू येतं म्हणून ते शिक्षण घेता आलं नाही. त्याच वर्षी तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परत येऊन 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. तिथल्या सुशिक्षित समाजाचा रोष पत्करला.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात मुली भुकेने मरताहेत आणि विकल्याही जाताहेत, असं कळल्यावर रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. उपासमार काय असते हे त्यांनी स्वतःच्या पोटाने भोगलेलं होतं. घरातली तीन माणसं त्यात गमावलेली बाई पुन्हा दुष्काळी मुलखात पाऊल ठेवायला किती घाबरली असेल, याचा मी तिथल्या मोठ्या चर्चसमोर उभी राहून विचार करत होते. पुण्यात एवढ्या मुलींची सोय होईना, म्हणून केडगावच्या माळरानावर विहिरी खणल्या, झोपड्या उभारल्या. 1900 च्या सुमारास इथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती.

दुपारी आम्ही छापखान्याची माहिती ऐकली. रमाबाईंनी बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं, तेही थेट हिब्रू आणि ग्रीकवरून. त्यासाठी उतारवयात त्या भाषा शिकल्या. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी हे सगळं इथल्या मुलींनी केलं. दुष्काळातून हाडांचा सापळा होऊन आलेल्या मुली खिळे जुळवत होत्या! 1921 च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या. एकुलती एक मुलगी, आईचा उजवा हात. त्यानंतर रमाबाई नऊ महिनेही जगल्या नाहीत, पण त्या महिन्यांत प्रुफं तपासणं त्यांनी थांबवलं नाही. शेवटची प्रुफं हातावेगळी केली आणि 5 एप्रिल 1922 ला त्यांनी देह ठेवला.

मी ताईला म्हटलं, "मुलगी गेल्यावर त्या सकाळी उठून काय करत असतील गं?"

"प्रुफं," ताई म्हणाली.

बुधवार, केडगाव ते नगर

सकाळच्या प्रार्थनेला आम्ही मागे बसलो. पुढे शाळेतल्या मुली, तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या. वचन होतं बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकातलं, अध्याय 19. एलीया संदेष्ट्याची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे, कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी पडतो ती. हा त्याच्या नंतरचा भाग. ईजबेल राणीने ठार मारायची धमकी दिली आणि हाच शूर एलीया जिवाच्या भीतीने रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, आता पुरे, मला मरण दे. आणि झोपला.

देवाने काय केलं? देवदूत पाठवला. देवदूताने त्याला हात लावून उठवलं. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या. एलीयाने खाल्लं, पाणी प्यायला आणि परत आडवा झाला. देवदूताने पुन्हा उठवलं, पुन्हा खायला लावलं, कारण पल्ला फार दूरचा होता.

त्याला कुणी रागावलं नाही. तुझा विश्वास कुठे गेला, असं कुणी विचारलं नाही. घाबरलेल्या, थकलेल्या माणसाला देवाने आधी जेवायला घातलं आणि झोपू दिलं, एकदा नव्हे, दोनदा. प्रवचन करणाऱ्या बाई साध्याच बोलल्या, आवाजही फार मोठा नव्हता. पण वर्षभर मी जी मोठमोठी वचनं स्वतःला पाठ म्हणून दाखवत होते, त्यांच्यापेक्षा ही भाकर माझ्या जास्त कामी आली. मी रडले. रडू दाबायची गरज वाटली नाही.

नाश्त्यानंतर एका वयस्कर अंध बाईंशी बोलणं झालं. मनोरमाबाईंनी इथल्या अंध मुलींना ब्रेल शिकवायला सुरुवात केली होती. या बाईही इथेच ब्रेल शिकल्या. मांडीवर जाड पुस्तक उघडून त्यांनी बोटांनी तेविसावं स्तोत्र वाचून दाखवलं. पाठ असूनही बोट ओळीवरून फिरवत होत्या. मी कारण विचारलं.

"पाठ आहे म्हणून घाईत म्हणून टाकते मी. बोटाने वाचलं की एकेक शब्द हाताला लागतो."

मृत्यूच्छायेच्या दरीपाशी त्यांचं बोट थांबलं, एक शब्द पुन्हा चाचपला आणि पुढे गेलं. त्या ओळीतून जाताना मीही हल्ली घाई करते.

अकरा वाजता निघालो. दौंडला नगरच्या गाडीला वेळ होता. फलाटावर बाकड्यावर बसलो आणि दीरांचा फोन आला. डायलिसिस चालू असताना ह्यांचं बीपी एकदम खाली गेलं होतं. सलाईन दिलं, पाय वर केले, आता बरे आहेत, बोलतील थोड्या वेळाने. एवढंच. पण माझे हातपाय गार पडले. मी उठून उभी राहिले, पुण्याची गाडी कधी आहे ते बघू लागले.

ताईने मला हाताला धरून खाली बसवलं. "बीपी किती होतं ते विचार. आता किती आहे ते विचार. शुद्धीवर होते का, ते विचार." मी परत फोन लावला, विचारलं, आकडे सांगितले. ती म्हणाली, "असं होतं गं. अंगातलं पाणी भराभर ओढलं गेलं की होतं. सिस्टर बाजूला होत्या, त्यांनी बघितलं. आता दहा मिनिटं थांबू, मग त्यांच्याशीच बोल." मग तिने माझा हात तसाच धरून डोळे मिटले आणि तिथेच, चहावाल्याच्या आरोळ्यांमध्ये, प्रार्थना केली. ह्यांचं नाव घेतलं, त्या युनिटमधल्या सिस्टरांसाठी, मशीनसाठी, दीरांसाठी मागितलं. आमेन म्हटलं आणि पिशवीतून केडगावच्या बायकांनी बांधून दिलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. "खा."

मी खाल्लं. पहिला घास गिळवत नव्हता. अर्धी भाकरी झाल्यावर ह्यांचा फोन आला. आवाज दमलेला होता, पण त्यांचाच होता. म्हणाले, "परत येऊ नकोस. नगरला जा."

मिरजेत सर्जरीचा पेशंट टेबलावर घेतला की आधी प्रार्थना व्हायची, ताई सांगत होती गाडीत. डॉ. विल्यम वॉनलेस 1889 साली सांगलीकडे आले आणि 1894 मध्ये मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं. त्यांच्यापासून ती रीत चालत आलेली. "प्रार्थना झाली म्हणून हात धुवायचे राहिले, असं कधी झालं नाही," ताई म्हणाली. "दोन्ही नीट करायचं." भीती वाटली की मी आतापर्यंत एक तर नुसती प्रार्थना करायची, नाही तर नुसती धावपळ. ताईने फलाटावर दोन्ही केलं, आधी आकडे विचारले आणि मग डोळे मिटले.

संध्याकाळी नगरला पोचलो. ताईच्या ओळखीच्या घरी उतरलो आणि नेमकी त्यांच्याकडेच प्रार्थना सभा होती. वीस-पंचवीस माणसं, सतरंजीवर. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं म्हटली, पेटी आणि टाळांवर. नगरमध्ये टिळकांचं गाणं म्हणायला पुस्तक उघडावं लागत नाही.

प्रार्थनेच्या विनंत्या सुरू झाल्या तेव्हा मीही बोलले. नवीन ठिकाणी, परक्या माणसांपुढे बोलणं सोपं गेलं. सभा संपल्यावर चहा घेताना एक बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांच्या मुलाचं डायलिसिस चालू आहे. त्यांनी मला वचन सांगितलं नाही, विचारलं, "पोटॅशियम किती येतंय?" मग अर्धा तास आम्ही भाज्यांवर बोललो. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून बटाटा, पालेभाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजत ठेवायची, ते पाणी ओतून टाकायचं, ताज्या पाण्यात उकडायची, तेही पाणी टाकायचं, मग फोडणी. नारळपाणी अजिबात नाही. पाणी मोजून देताना एक छोटी बाटली सकाळी भरून ठेवायची, म्हणजे माणसाला स्वतःच कळतं किती उरलं आणि दर वेळी आपल्याला नाही म्हणावं लागत नाही. शेवटची गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. आमची निम्मी भांडणं पाण्यावरूनच होतात.

उठताना त्या म्हणाल्या, "रोजचं रोज बघा, बाई. पुढच्या महिन्याचं आज रांधू नका." रात्री मला गाढ झोप लागली.

गुरुवार, नगर

या शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, तोंडात अजून नगरच येतं. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे 1831 मध्ये सुरू झालं. सिंथिया फॅरार या अविवाहित बाई 1827 साली अमेरिकेतून निघून मुंबईला आल्या, पुढे नगरला मुलींची शाळा चालवली आणि इथेच वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण ज्यांच्याकडे घेतलं, त्या याच. ज्ञानोदय मासिकही 1842 मध्ये इथेच सुरू झालं. ह्यूम मेमोरियल चर्चमध्ये दुपारी जाऊन बसलो. आत गारवा होता, कुणी नव्हतं. अर्धा तास काहीच न मागता बसता आलं, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट.

मला मात्र बूथ हॉस्पिटल बघायचं होतं. मुक्तिफौजेचं, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचं हे हॉस्पिटल. कोरोना आला तेव्हा नगर जिल्ह्यातले रुग्ण सुरुवातीपासून इथे दाखल होत होते. ताईच्या जुन्या मैत्रिणीची मुलगी तेव्हा तिथे ड्यूटीला होती, ती भेटली. तिशीतली, हसरी पोरगी. मी तिला सरळच विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटायची ना मावशी. किट घालताना हात थरथरायचे. रोजच. आम्ही सगळे मिळून प्रार्थना करायचो, तरी थरथरायचे."

"मग?"

"मग काय, आत गेलं की पेशंट असायचा. त्याला पाणी हवं असायचं, कुणाला घरी फोन लावून हवा असायचा. तेवढं करता करता हात थांबायचे."

देवाने भीती काढून घेतली, अशा साक्षी आपण नेहमी ऐकतो आणि त्या खऱ्याही असतात. या मुलीची साक्ष निराळी होती. भीती तशीच होती आणि देव आत वॉर्डात भेटत होता. बायबलमध्ये यहोशवाला देव सांगतो, खंबीर हो, हिंमत धर, घाबरू नको, आणि लगेच कारण सांगतो की जाशील तिकडे मी बरोबर आहे. जाशील तिकडे. दाराबाहेर उभं राहून हिंमत यायची वाट बघत बसायचं, असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही. हे मला या पोरीकडून समजलं.

शुक्रवार, राहुरी, हरेगाव, नाशिक

नगर-मनमाड रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला. गाडी हळूहळू चालली होती, बरंच झालं. आज ह्यांचं डायलिसिस होतं. नऊ वाजता सुरू झालं, एक वाजता व्यवस्थित संपलं. या वेळी मी दर पंधरा मिनिटांनी फोन केला नाही. सुरू झाल्यावर एक, संपल्यावर एक.

राहुरीत नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई राहून गेले. टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला आणि 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, हे सगळ्यांना माहीत आहे. मला कायम लक्ष्मीबाईंचं वाटतं. नाशिकजवळच्या जलालपूरची मुलगी, कडक सोवळ्यात वाढलेली, आणि एक दिवस नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी येते. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. लोकांचं बोलणं, कडेवरचं पोर. त्या एका झटक्यात बदलल्या नाहीत. आधी नवऱ्याजवळ राहायला आल्या, तेही आपलं सोवळं वेगळं सांभाळून. मग हळूहळू एकेक गोष्ट सुटत गेली आणि 1900 साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. देवाने त्यांना घाई केली नाही, आणि टिळकांसारखा तापट माणूसही थांबला. लक्ष्मीबाईंचं धैर्य मला टिळकांच्या धैर्यापेक्षा जवळचं वाटतं, कारण ते स्वयंपाकघरात, पाण्याच्या हंड्याशी, रोज थोडं थोडं आलं.

वाट वाकडी करून हरेगावला गेलो. मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा सप्टेंबरात भरते, 1949 पासून. आता मैदान मोकळं होतं. आम्ही प्रॉटेस्टंट, मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची आमची रीत नाही. पण यात्रेला सगळ्या जातिधर्मांची माणसं इथे येतात, आपली दुखणी घेऊन येतात, याचं मला मनापासून बरं वाटतं. एक म्हातारे गृहस्थ पायरीवर बसून जपमाळ ओढत होते. ताई त्यांच्याशी गुडघेदुखीवर बोलत बसली.

संध्याकाळी उशिरा नाशिक.

शनिवार, नाशिक

शरणपूर रोड आज दुकानांनी गजबजलेला आहे. 1854 साली विल्यम प्राइस या मिशनऱ्याने शरणपूर वसवलं, तेव्हा हे गावाबाहेरचं रान होतं. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली जायची, त्यांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणली जात. त्यांना लिहायला-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जाई. आपल्या नाशकात! मी इतकी वर्षं नाशिकला येते, मला याचा पत्ता नव्हता.

त्यांतलाच एक जेकब वेनराइट. लहानपणी गुलाम म्हणून पकडला गेलेला, सुटून नाशिकला आलेला, इथे शिकलेला. 1872 साली इथून गेलेल्या काही तरुणांबरोबर तो आफ्रिकेत फिरणारे मिशनरी आणि संशोधक डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या तांड्यात सामील झाला. 1873 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, आज झांबियात असलेल्या एका खेड्यात लिव्हिंगस्टन वारले. बरोबरच्या माणसांना देह तिथेच पुरून घरचा रस्ता धरता आला असता. त्यांनी काळीज तिथे झाडाखाली पुरलं, वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडावर अक्षरं कोरली. देह मिठाने सुकवून, सालीत आणि कापडात गुंडाळून ते निघाले. दीड हजार किलोमीटरहून जास्त, पायी. वाटेत आजार, उपासमार, प्रेताला भिणारी गावं. तांड्याचे म्होरके चुमा आणि सुसी, आणि त्यांच्यात हा नाशिकचा वेनराइट. पुढच्या फेब्रुवारीत ते किनाऱ्याला बागामोयोला पोचले. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत वेनराइट होता.

मी हे सगळं रात्री ह्यांना फोनवर सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते.

"नऊ महिने?" ते म्हणाले.

"नऊ महिने. रोज चालायचं, रात्री मुक्काम, परत सकाळी तेच ओझं उचलायचं."

"एकटा नव्हता ना पण."

"नाही. बरेच जण होते."

थोडं थांबून ते म्हणाले, "आज मला पण जरा भीती वाटत होती. बुधवारनंतर. बोललो नाही मी."

वर्षभरात पहिल्यांदा ते हे बोलले. इतके दिवस मी त्यांच्यासमोर धीट असल्याचं दाखवत होते आणि ते माझ्यासमोर. मी म्हटलं, "मलाही रोज सकाळी वाटते. आता वाटली की एकमेकांना सांगायचं." मग आम्ही फोनवरच प्रार्थना केली, आधी त्यांनी, मग मी. त्यांच्या प्रार्थनेत बुधवारच्या सिस्टरचं नाव होतं, ते त्यांनी विचारून घेतलं होतं.

रविवार, नाशिक ते पुणे

सकाळी मराठी उपासना, दुपारी बस. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव. ताई खिडकीला डोकं टेकून झोपली. मी वहीत यादी केली : पाण्याची छोटी बाटली, चाळणी, मोठं पातेलं, नगरच्या बाईंचा फोन नंबर दीरांनाही द्यायचा, पुढच्या बुधवारी आमच्याकडे प्रार्थना सभा ठेवायची का ते पाळकांना विचारायचं. नाशिक फाट्याला पोचलो तेव्हा ह्यांचा मेसेज आला होता : दुधी आणून ठेवलाय, उद्या सकाळी सातचा नंबर आहे, तू येणार आहेस ना बरोबर? मी लिहिलं, येणार.